हिऱ्याचं पथ्य

“तिखट न्हाई, मीठ न्हाई, हाडूक तर अजिबात न्हाई,” सत्यभामा सासूला सांगत होती. “भाकर कुस्करायची, शेळीच्या दुधात पाणी घालून भिजू द्यायची. बोटानं दाबली की फुटली पायजे. सकाळी अर्धी, सांजच्याला अर्धी.”

भिवराबाई उंबऱ्यावर बसून ऐकत होती. तिच्या पायाशी हिऱ्या पडला होता. तेरा वर्षांचा कुत्रा. दात गेलेले, डोळ्यांवर निळसर साय आलेली.

“दात मलाबी न्हाईत,” भिवराबाई म्हणाली. “माझी भाकर कुनी दाबून बघितली न्हाई.”

“तुमाला तोंड हाय सांगायला.”

“हाय की. लई दिस झाले, सांगायलेय.”

बाहेर ट्रक उभा होता. बाया भांडी, कोयते, कोंबड्यांची खुराडी वर देत होत्या. पाऊसच नसल्यामुळे जवळच्या कारखान्यांना ऊस नव्हता. टोळी औंदा थेट कर्नाटकात निघाली होती. गाव दिसायचं ते आता पाडव्याला. भिवराबाईनं तीस साल ऊस तोडला, पण गुडघा गेल्यापासून मोळी उचलेना. मुकादमानं औंदा तिला टोळीत धरलीच नव्हती. हिऱ्यालाही नाही.

कुत्र्याचं हे पथ्य दूध संस्थेच्या डॉक्टरचं. तो शेजारच्या म्हशीला बघायला आला, तेव्हा सत्यभामानं त्याला वाटेत गाठला. “हा काय संस्थेत दूध घालतो का?” म्हणून आधी तो हसला. मग मात्र मातीत बसून त्यानं हिऱ्याला नीट तपासलं. किडनी थकलीय, म्हणाला. जपलं तर वर्ष काढील. नाही जपलं तर उन्हाळा बघणार नाही.

“पाण्याचं भांडं कोरडं पडू द्यायचं न्हाई,” सत्यभामा म्हणाली.

“टँकर आठ दिसाला येतो, बाई.”

“तरीबी.”

“बरं. मी तोंड धुवायचं सोडते.”

सत्यभामा हिऱ्याच्या गोळ्या कोनाड्यात ठेवायला गेली. आत हाताला दुसरं पाकीट लागलं. तालुक्याच्या दवाखान्यातनं आणलेल्या सासूच्या बीपीच्या गोळ्या. दोन महिन्यांच्या. पहिल्या पट्टीवरच्या दोन फोडलेल्या, बाकी सगळ्या जागच्या जागी.

“आत्याबाई, ह्या कावून तशाच हायेत?”

“कडू लागत्यात.”

“गिळायची असती गोळी. चघळत्यात का?”

भिवराबाई हिऱ्याच्या कानामागं गोचीड शोधत होती. तिनं मान वर केली नाही.

“त्याला भरवायला मी हाय,” ती म्हणाली.

बाहेर हॉर्न वाजला. भारतनं ट्रकवरून बायकोला हाक दिली, “अगं ए, चल की. मुकादम वरडायलाय.”

“वरडू द्या त्याला.”

सत्यभामानं मडक्यातला गूळ काढला. दोन बोराएवढे गोळे केले आणि एकेका गोळ्यात एकेक गोळी दाबली. एक हिऱ्याच्या जिभेवर ठेवला, त्यानं मुकाट्यानं गिळला. दुसरा तिनं सासूच्या तोंडापुढं धरला.

भिवराबाईनं सुनेकडं बघितलं. मग तोंड उघडलं.

“रोज असंच. त्याला अन् तुमाला, एका येळेला. एकाची चुकली की दुसऱ्याचीबी चुकंल.”

“कुत्र्याच्या पंगतीला बसवलंस मला.”

“एकटं जेवण्यापरीस बरं.”

भिवराबाई गूळ चघळत राहिली. गिळायला सांगितलेलं तिनं याही वेळी ऐकलं नाही.

निघता निघता सत्यभामानं हिऱ्याच्या गळ्यातलं दावं सासूच्या हातात दिलं. “ट्रक हालला की ह्यो मागं पळणार, अन् मारुतीच्या देवळापशी जाऊन धापा टाकत पडंल. आमी डेरीचं वळण पार करस्तोवर सोडू नका.”

भिवराबाईनं दाव्याचे दोन वेढे मनगटाला घेतले. “धरते. मला कुठं जायचंय.”

ट्रक हालला. सत्यभामा बोचक्यांवर बसून मागं बघत राहिली. हिऱ्यानं मान उचलली, हवेत वास घेतला आणि हनुवटी परत पायांवर टेकवली.

डेरीच्या वळणाला ट्रक हळू झाला, तेव्हा भिवराबाई उठली होती. उंबऱ्याखाली उतरली. गुडघ्यावर हात ठेवून ट्रकच्या दिशेनं एक पाऊल आली, मग अजून एक.

तिसऱ्याला दावं ताणलं आणि तिचा हात मागं ओढला गेला.

हिऱ्या जागचा हलला नव्हता.