शेवंतीसाठी गाडी

भीमराजची वरातीची घोडी शेवंती सकाळपासून पोटदुखीनं तळमळत होती. तिला तातडीनं पुसदच्या डॉक्टरकडे न्यायचं, म्हणून दारात दोन गाड्या आल्या. बंद टेम्पोत वारा लागला नसता, पण आतला काळोख पाहूनच तिनं कान मागे पाडले. उघड्या पिकअपच्या फळीवर एक खूर ठेवला, फळी वाजली आणि तिनं तो झटकन मागे घेतला. पुढं धरलेल्या गुळाकडे तर तिनं पाहिलंही नाही.

"अशी कायले चढन थे?" शेजारचा ढोलवाला धम्मरत्न म्हणाला. "वाजवल्याबिगर तिनं पाय उचलला का कधी?"

"मंग वाजव ना बाप्पा!" भीमराज म्हणाला. "टेम्पोतच घेऊ, वारा नाही लागत."

"ढोल थांबला का उतरन थे. मले संगं यावं लागते. टेम्पोत मी कुठं मावू? तिच्या पाठीवर बसू का, नवरदेवावानी?"

म्हणून टपावर बसून ढोल वाजवता येईल असा उघडा पिकअप ठरला. ढोल वाजला तशी शेवंती मान ताठ करून फळीवरून वर गेली.

ती वाचली. पण भीमराजला त्या दिवसातलं आठवतं ते वेगळंच. दोन वर्षं कापूस बुडाला होता आणि त्या रस्त्यानं एकही वरात गेली नव्हती. ढोल ऐकून गावोगावच्या बाया धावत बाहेर येत होत्या. घोडीवर नवरदेव नाही, हे एकीच्याही ध्यानात आलं नाही. त्या हात हलवत, हसत एकमेकींना सांगत होत्या, "कोणाच्या तरी घरी कापूस पिकला वं माय!"