देवांचं आवतण

हळदीचा धवला सुरू झाला आणि दुसऱ्याच ओळीला सखुबाईची वरची कवळी निसटली. तिनं ती जिभेनं वर दाबून धरली. आता जीभच अशी कामाला लागली तर बाईनं गावं कशानं?

मांडव बायकांनी भरलेला. समोर पाटावर नवरी, हळदीच्या वाटीकडं बघत बसलेली. धवला गाणाऱ्या बाईनं, धवलारणीनं, एकेका देवाचं नाव घेऊन आवतण दिल्याशिवाय आगऱ्याच्या घरात हळद लागत नाही. नाव राहिलं तर तो देव रुसतो, आणि धरलेला धवला मध्येच तोडायचा नाही. सखुबाईनं अर्ध्या गावाची लग्नं अशी लावली होती. पण स्वराज्य आलं आणि सखुबाईचे दात गेले, असं गाव गमतीनं म्हणायचं, ते काही खोटं नव्हतं. उरलेसुरले अलिबागच्या डॉक्टरनं उपटले आणि नुसत्या हिरड्यांतून शब्दांचा वारा व्हायला लागला. या लग्नात तर नवऱ्याकडच्यांनी निरोपच धाडला, म्हातारीचं काही कळत न्हाय, गाण्याची सुपारी तिच्या मागं गाणाऱ्या कमळला द्या. मग सखुबाई पेटली. लेकाच्या, दयारामच्या, मागं लागून तिनं कवळी करून घेतली. काल ती हातात आली. आज निभावलं नाही तर पुढची सुपारी दारात येणार नाही, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

तिनं पुन्हा सूर लावला. कवळी खटखटली. मागं कुणीतरी फिसकन हसलं. ती पाटावर चुळबुळली, पदर सारखा केला, गाल आतून चावून बघितले. तोंडात परकं माणूस येऊन बसलं होतं आणि ते हलायला तयार नव्हतं. काढून कनवटीला लावावी तर चारचौघांत हिरड्या उघड्या. ठेवावी तर ही गत. कपाळावर घाम आला. पुढच्या ओळीला घशातून आवाजच निघाला नाही.

आणि धवला चालूच राहिला.

शेजारी बसलेली कमळ गात होती. कमळ म्हणजे तिच्या बहिणीची सून, आजवर मागून ओळ झेलणारी. आज तिनं ओळ पुढून धरली होती, तीही अशी अलगद की बायकांना पत्ता लागला नाही.  हसं नको म्हणून सखुबाई नुसते ओठ हलवत राहिली. गावदेवी झाली, खाडीची माय झाली, मिठागरावरचा राखणदार झाला. कमळ एकही चुकली नाही. सगळं उचललंन् हिनं, सखुबाई मनात म्हणत होती, मी बसले होते आणि माझ्या डोळ्यांदेखत उचललंन्.

आवतण संपलं. नवरीच्या आईनं, आवडाबाईनं, सखुबाईच्या ओटीत नारळ घातला आणि असा गळा कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता म्हणून सांगितलं. सखुबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हळद कालवायला बायका उठल्या तशी तिनं कमळचं मनगट धरून तिला मांडवाच्या कडेला ओढलं.

"कधी शिकलीस गं सगळा धवला? मला सांगायचं तरी होतंस. मी आपणहून उठले असते."

कमळ मानेमागं हात नेऊन चोळत होती.

"मला कुठं येतोय मावशी? अर्ध्या देवांची नावं पन ठावी न्हाईत. तुमच्या ओठांवरचं बघून म्हनलं. जरा तोंड मिटलं असतंत तर मी तिथंच बुडाले असते." मग तिनं हळूच पुढं जोडलं, "वाकून वाकून मान धरली माझी."

सखुबाईनं तिच्याकडं नीट बघितलं. 

हळद लावतानाचा धवला राहिला होता, त्यातही पुन्हा एकेका देवाला हाक द्यायची होती. बायका परत बसल्या. सखुबाईनं आपला पाट उचलला, नवरीकडं पाठ केली आणि तो कमळच्या अगदी समोर टाकला. नवऱ्याकडचा रावजी म्हातारा मांडवाच्या दारातूनच ओरडला, धवलारणीनं नवरीकडं पाठ करायची असते होय? सखुबाईनं वळूनही बघितलं नाही. पदर खांद्यावर घट्ट खोचला, कमळच्या डोळ्यांत डोळे घातले आणि आवाज न काढता, ओठ चांगले मोठे उघडून, पहिल्या देवाला हाक मारली.