पाचव्या सालचा पाऊस

रविवारी दुपारी बाराला पाच मिनिटं कमी असताना माणिकप्पानं टॉकीजच्या पडद्याशेजारी आपली लोखंडी खुर्ची मांडली आणि माइकवर फुंकर मारली. पत्र्याखाली उकडत होतं. पुढच्या बाकड्यांवर दुष्काळी कामावरची शंभरेक माणसं पटके सोडून, लेकरं मांडीवर घेऊन बसली होती.

आज वेड हॅलरनचा सिनेमा होता. घोड्यावरचा हा अमेरिकन नट मंगळवारी आपल्या घरी वारला होता. पेपरात चौदा ओळी आल्या होत्या.

लातुरात इंग्रजी सिनेमा चालायचा तो माणिकप्पाच्या तोंडून. पडद्यावर गोरे बोलू लागले की आवाज बारीक केला जाई आणि ते काय म्हणतात हे माणिकप्पा माइकवरून सांगे. अशी अठरा वर्षं झाली होती. त्याला इंग्रजी येत नव्हतं; येतं का, हे पुढच्या बाकड्यांनी कधी विचारलं नव्हतं. हॅलरन हा राजाचा मुलगा, सावत्र आईनं हाकलल्यामुळं घोडा घेऊन रानोमाळ फिरतो, असं त्यानं पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं. पुढच्या प्रत्येक सिनेमात तेच चालत राहिलं.

पण जिल्हा झाला, कलेक्टर कचेरी आली आणि बाल्कनीत इंग्रजी कळणारी माणसं बसू लागली. मागच्या रविवारी महसुलातले अव्वल कारकून भीमाशंकरराव यांनी मालकाला गाठलं.

"शिवमूर्तीसेठ, तुमचा माणूस साफ खोटं सांगतो हो. तो गोरा म्हणतो, 'दार लाव.' हा सांगतो, 'बहिणीला माहेरी न्यायला आलोय.'"

बाल्कनी हसली होती. शिवमूर्तीसेठ हसले नव्हते. आज सकाळी त्यांनी पेपरातलं कात्रण माणिकप्पाच्या हातात दिलं.

"सुरुवातीला हे वाचायचं. जसंच्या तसं. राजाबिजा आणलास तर उद्यापासून खुर्ची उचलायची. माझी इज्जत चाललीय, माणिकप्पा."

"हे वाचलं तर पुढचे लोक उठून जातील, मालक."

"जाऊ देत."

बाराला माणिकप्पा उभा राहिला, चष्मा लावला आणि वाचू लागला. हॅलरन, वय सहासष्ट. वडील ओक्लाहोमा राज्यात गव्हाची शेती करत. ओळीनं चार वर्षं पाऊस पडला नाही, रानातली माती वाऱ्यावर उडून गेली. कुटुंबानं गाव सोडलं तेव्हा वेड पंधरा वर्षांचा होता. पुढं तो सिनेमावाल्यांचे घोडे धूत असे. नंतर मोठ्या नटांच्या ऐवजी घोड्यावरून पडत असे. मग स्वतःचे एकतीस चित्रपट, टेलिव्हिजनवर नऊ वर्षं फौजदाराचं काम. ती मालिका बंद झाल्यावर त्याला पुन्हा काम मिळालं नाही.

वाचून झालं. कुणी उठलं नाही. माणिकप्पा उभाच राहिला.

"आप्पा." पहिल्या बाकड्यावरून धुरपताबाईचा आवाज आला. पाझर तलावाच्या कामावर ती दगड फोडायची. हॅलरनचा एकही सिनेमा तिनं चुकवला नव्हता. "म्हंजी राजाचा न्हाई का त्यो?"

"न्हाई, बाई."

"तूच सांगितलास की."

"मीच सांगितलो."

बाल्कनीत कुणीतरी खाकरलं. माणिकप्पा शिवीची वाट पाहत राहिला.

"बरं, ऱ्हाऊ दे त्ये," धुरपताबाई म्हणाली. "चार साल पाणी न्हाई, म्हनलास. मग पाचव्या साली पडला का?"

माणिकप्पानं कात्रण पुन्हा डोळ्यांजवळ नेलं. "लिवलं न्हाई."

"गेलेली मान्सं माघारी आली का गावाला?"

"ते बी लिवलं न्हाई."

"मग लिवलंय काय त्यात?"

"घोडं धुतलेलं लिवलंय!" मागून एक पटकेवाला ओरडला. "धुवायला पाणी होतं म्हना की तिकडं!"

हशा झाला. धुरपताबाई हसली नाही.

"आप्पा, सांग की. तुला ठाऊक असंल."

माइक हातातच होता. पाचव्या साली मृगाच्या पहिल्याच दिवशी आभाळ भरून आलं, हे वाक्य माणिकप्पाच्या जिभेवर तयार होतं. पुढचंही तयार होतं. शिवमूर्तीसेठ दाराशी उभे होते.

त्यानं मान वर केली. "भीमाशंकरराव, तुम्हाला इंग्रजी येतंय. पडला का हो तिथं?"

शंभर माथी बाल्कनीकडं वळली. भीमाशंकरराव अर्धवट उठले, पुन्हा बसले.

"ते पुस्तकात बघावं लागेल."

"कवा बघता, सायेब?" धुरपताबाईनं विचारलं.

"बघतो. उद्या-परवा."

हे उत्तर पुढच्या बाकड्यांच्या ओळखीचं होतं. टँकरचा अर्ज घेऊन गेलं की कचेरीत तेच मिळायचं.

बारा वीसला सिनेमा सुरू झाला. माणिकप्पा त्या दिवशी फार थोडं बोलला. डोळ्यांना दिसत होतं तेवढंच. घोडा आला. माणूस उतरला. दार लावलं. शेवटपर्यंत एकही माणूस उठून गेला नाही. सिनेमा सुटल्यावर शिवमूर्तीसेठ खुर्चीबद्दल हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

गुरुवारपर्यंत भीमाशंकरराव टॉकीजकडं फिरकले नव्हते. कामावरून सुटल्यावर धुरपताबाई दोनदा गेटवर येऊन, सायेब आले का, विचारून गेली. दुसऱ्या खेपेला तिच्याबरोबर तलावाच्या कामावरच्या आणखी नऊ बायका होत्या.