थेंबभरसुद्धा नको

खाणावळीत ऑर्डर देता देता एका टायवाल्या साहेबांनी काउंटरवरच्या ताईंची उलटतपासणीच घेतली.

"ताई, भाज्या कशात परतता?"

"सोयाबीन तेलात, साहेब."

"मग मला नुसत्या वाफवून द्या. बियांचं तेल म्हणजे विष हो! माझ्या घरात थेंबभर सापडायचं नाही."

ताईंनी वाफवलेल्या भाज्यांचा वाडगा पुढे सरकवला. मग, विषाची परीक्षा कशाला घ्यायची, म्हणून लेकीसाठी बाजूला ठेवलेले बटाट्याचे तळलेले काप गुपचूप कचऱ्यात टाकले.

साहेबांनी वाडगा चाटूनपुसून संपवला, हात धुतले आणि बॅगेतून कंपनीचं कार्ड काढून काउंटरवर ठेवलं.



"आता जरा मालकांना बोलवा. या महिन्यात आमच्या सोयाबीन तेलाचे किती डबे पाठवू, तेवढं विचारतो."