उतारावरचा ट्रॅक्टर

"कधीच नाही," नवऱ्याने तिसऱ्यांदा सांगितलं. "एकेचाळीस वर्षं झाली. एकदाही दगा दिला नाही."

जुन्या ट्रॅक्टरांच्या मंडळाचा चिटणीस घरामागे उभ्या उभ्या फॉर्म भरत होता. कोणत्या साली घेतला, इंजिन मूळचंच का, पुढची चाकं अजून ओढतात का. ओढत होती. चारही चाकांनी ओढणारा तो पंचक्रोशीतला पहिला ट्रॅक्टर. फॉर्म मंजूर झाला, की बॉनेटवर 'सर्वांत भरवशाचा' अशी पितळी पाटी लागणार होती.

खिडकीत वॉकर धरून उभी असलेली बायको हे सगळं ऐकत होती आणि तिच्या अंगाचा तिळपापड होत होता. दगा दिला नाही म्हणे. स्टार्टर दुसऱ्याच वर्षी जळाला. नवा मिळेपर्यंत म्हणून दोघं ट्रॅक्टर घरामागच्या उतारावर, तोंड खाली करून लावायला लागले. पुढे कंपनीच बुडाली आणि तो तिथेच लागत राहिला. रोज सकाळी नवरा वर चढून बसायचा, क्लच दाबायचा आणि हाक मारायचा. मग ती दोरी ओढून चाकाखालचा ओंडका काढायची आणि मागच्या मडगार्डला खांदा लावायची. ट्रॅक्टर घरंगळायचा, धूर सोडत सुरू व्हायचा, आणि नवरा मागे वळूनही न बघता शेतात निघून जायचा. थंडीत रेडिएटरसाठी गरम पाण्याची किटली, ती वेगळीच.

तिला पाटीबिटी नको होती. एकदा चार माणसांत त्याने आपलं नाव काढावं, एवढंच. पण ती काही मागून घ्यायची गोष्ट नव्हती.

दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन होऊन आज एकविसावा दिवस होता. तेव्हापासून ट्रॅक्टर जागचा हलला नव्हता.

"एकदा चालू करून दाखवा, काका," चिटणीस म्हणाला. "म्हणजे फॉर्म पुरा होईल."

नवरा ऐटीत वर चढला. क्लच दाबला. आणि सवयीने हाक मारली, "अगं, ये."

तीही सवयीने वळली. वॉकर टेकत टेकत मागच्या दारापर्यंत आली. तिला चौकटीत बघताच नवऱ्याचा चेहरा पडला. तो घाईघाईने खाली उतरला, आतून खुर्ची आणली आणि तिला दारातच बसवलं.

"आज नाही चालू होणार," तो चिटणीसाला म्हणाला.

"पण काका, मी लिहून बसलोय. 'किती वेळा बंद पडला?' शून्य."

"खोडा ते. रोज सकाळी तो बंदच असतो. स्टार्टरच नाही त्याला."

चिटणीसाने फॉर्म खाली घेतला. "मग इतकी वर्षं शेतात गेला कसा?"

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं नाही. फक्त तिच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला.

"ही ढकलायची," तो म्हणाला. "चाळीस वर्षांत हा हिचा पहिला खाडा."