किल्लीताई

सभागृहाची किल्ली तिच्या गळ्यात होती आणि ती हॉस्पिटलच्या बाकावर बसली होती. सकाळी ती घराबाहेर पडणार तेवढ्यात सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. त्यांना टॅक्सीत घालून इथे आणायच्या गडबडीत मोबाइल घरी चार्जरलाच राहिला. हल्ली नंबर कुणाचे पाठ असतात? तिला एकच पाठ होता, नणंदेचा. काउंटरवरून तिला फोन करून झाला होता. आता नणंद येईपर्यंत भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसायचं. तिकडे संमेलन सुरू व्हायची वेळ टळून गेली होती.

संमेलन मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचं. म्हणजे जे कुणीही वापरावं, उघडून बघावं, बिघडलं तर दुरुस्त करावं आणि पुढे चार जणांना द्यावं, असं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या हौशी मंडळींचं. त्यांचा कायदा एकच होता: ज्याला चूक दिसली, दुरुस्ती त्याची. हे काम कुणाचं, असं विचारायचं नाही. तिचा हा फार लाडका कायदा. नवा माणूस आला की पाणी विचारायच्या आधी ती त्याला तो ऐकवायची. फक्त संमेलनाला तो लागू नव्हता. सभागृह ठरवणं तिचं, खुर्च्या तिच्या, चहा तिचा. कुठला माइक खरखरतो आणि तो कुठे आवळायचा, हेही तिलाच ठाऊक. दुसऱ्या कुणाला चूक दिसायच्या आत तिला दिसायची आणि तिचे हात शिवशिवायला लागायचे. सगळे तिला किल्लीताई म्हणायचे आणि तिला ते आवडायचं. इतक्या वर्षांत तिने एकही भाषण पुरतं ऐकलं नव्हतं. जरा टेकली की कुठेतरी एखादी खुर्ची करकरायचीच.

"सॉफ्टवेअर साऱ्या जगाला खुलं, आणि संमेलन तुझ्या एकटीच्या कुलपात!" मंडळातले दाढीकाका मागे एकदा म्हणाले होते. तेव्हा ती हसली होती. आज बाकावर बसल्या बसल्या ते वाक्य तिला चांगलंच झोंबलं. कुठून कुठून गाड्या बदलत आलेली माणसं बंद दारासमोर ताटकळत असतील. एकदा अशी हात हलवत परत गेली, की पुन्हा कशाला येतील? वर्षानुवर्षं जमवलेला गोतावळा एका किल्लीपायी पांगणार होता. तशी दुसरी किल्लीही होती. हरवू नये म्हणून तिने ती त्याच दोरीत ओवून ठेवली होती.

शेवटी नणंद आली. प्लास्टरमधला हात पोटाशी धरून सासूबाईही बाहेर आल्या. सुनेचा चेहरा त्यांनी एका नजरेत वाचला.

"माझा हात मोडलाय, जीभ शाबूत आहे. लेकीला कामाला लावायला तेवढी पुरे. तू पळ!"

ती पळाली. वाटेत तिने माफीचं भाषण जुळवलं, मोडलं, परत जुळवलं. सभागृहाच्या पायऱ्या चढून वर आली आणि जागच्या जागी थांबली. चौकट होती, दार नव्हतं. दाराच्या दोन्ही फळ्या शेजारच्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. कुलूप त्यांच्यावर जसंच्या तसं होतं. चौकटीशेजारच्या खिळ्याला एक कागद टोचलेला होता.

"बिघाड: दार उघडत नाही. कारण: किल्ली ताईंकडे, आणि ताई फोन उचलत नाहीत. दुरुस्ती: वॉचमनकाकांच्या परवानगीने बिजागऱ्यांच्या खिट्ट्या काढून दार उतरवलं. खिट्ट्या खिडकीतल्या कपात आहेत. संध्याकाळी दार परत बसवू. याहून चांगला उपाय असेल तर सुचवा."

खाली दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात होतं: "पुढच्या वेळी दुसरी किल्ली दुसऱ्या गळ्यात असावी." आणि त्याखाली दाढीकाकांचं वाकडंतिकडं अक्षर: "ताईंच्या घरी जाऊन आलो. सासूबाई पडल्या, ताई हॉस्पिटलात आहेत असं शेजारी म्हणाले. इकडचं काही त्यांच्या कानावर घालू नका. त्यांना तिकडे लक्ष देऊ द्या."

तिने ते दोनदा वाचलं. आधी मनात बारीकशी कळ उठली: आपल्यावाचून काही म्हणजे काही अडलं नाही. मग हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. दार उघडेना तर दारच उतरवणारी माणसं ही! आणि वर त्याचा हिशोब चोख लिहून ठेवणारी.

आत एक नर्स बोलत होती. दृष्टी गेलेल्या रुग्णांना औषधाच्या बाटलीवरचं नाव वाचून दाखवणारं काहीतरी तिने लिहिलं होतं. माइक खरखरला. किल्लीताईचा पाय आपसूक पुढे पडला. तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या एक आजी उठल्या, माइकची मान आवळली आणि पुन्हा जागेवर जाऊन बसल्या. कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

पुढे टाकलेला पाय तिने मागे घेतला. गळ्यातली दोरी काढली आणि त्या कागदाच्या खिळ्याला अडकवली. दोन्ही किल्ल्या तिथे लोंबकळत राहिल्या. मान एकदम हलकी झाली. मग ती मागच्या रांगेतल्या एका रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसली. खुर्ची करकरली. तिने करकरू दिली.

एक अनोळखी बाई हातात बॅजचं ताट घेऊन वाकून वाकून तिच्यापर्यंत आली आणि कुजबुजली, "अहो, बॅज घ्यायचा राहिला तुमचा. पहिल्यांदाच आलात का संमेलनाला?"

"हो," किल्लीताई म्हणाली. "पहिल्यांदाच."