सरळ हसू

“काका, हसून दाखवा,” सिस्टर म्हणाली. ह्यांचा हात जड पडला म्हणून इस्पितळात आणलं होतं आणि मेंदूचा झटका किती मोठा, ते ती तपासून लिहीत होती. शून्य म्हणजे दोष नाही. हे हसले. तिनं ‘चेहरा: शून्य’ लिहिलं आणि मी तिचा हात धरला. “अगं, शून्य कसलं! हसू सरळ आलंय!” “सरळच हवं ना, काकू?” “ह्यांचं नको! जन्मापासून डावीकडे चढतं ते.” मोबाइलमधला फोटो तिच्यासमोर धरला. तिनं शून्य खोडलं, डॉक्टरांना बोलावलं, इंजेक्शन वेळेत मिळालं. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, “हसा बघू.” डावा कोपरा तस्सा वर चढला. प्रत्येक फोटोला मी ह्यांना “तोंड सरळ ठेवा” म्हणून दटावलंय! सिस्टरनं लिहिलं, ‘हसू वाकडं, नेहमीचं. शून्य.’ आभार मानायला गेले, तर माझंच तोंड सरळ राहीना.